नवशा वाटाड्या आणि एक छापील वाक्य

कुलाबा जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळांचे वर्णन करणारे एक लाल पुठ्ठ्याचे पुस्तक सन १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची पाने दोनशे बारा. समुद्रकाठचे किल्ले, बंदरे, देवळे आणि नारळीच्या बागा यांनी त्यांतील बहुतेक पाने व्यापली आहेत. कर्जत आणि खालापूर मिळून आमच्या साऱ्या डोंगरी मुलखाच्या वाट्याला पाच आली. जेथे बोट लागत नाही तेथे पाहण्यासारखे फारसे नसते, असा ग्रंथकर्त्यांचा समज असावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाचाऐवजी चारच पाने दिली असती तर मी त्यांचे आभार मानले असते, कारण मग पृष्ठ एकशे सदतीसवरील हे वाक्य कदाचित गळले असते:

‘येथील नवशा नावाचा ठाकूर वाटाड्या संकटसमयी प्रवाशांस टाकून पळून जातो, प्रवाशांनी त्याजवर विसंबू नये.’

ग्रंथकर्त्यांचे नाव मी येथे देत नाही. नाव छापल्याने माणसाचे काय होते, ते मी दहा वर्षे पाहत आलो आहे.

मी सन १९११ पासून कडावच्या शाळेत मास्तर आहे. कर्जत स्टेशनावर उतरून डोंगरातले लेणे पाहण्यास जाणारे लोक बैलगाडीने कडावपर्यंत येतात, शाळेच्या ओट्यावर टेकतात आणि वाटाड्या मागतात. मी नवशाला बोलावणे धाडी. लेण्याच्या पायथ्याशी ठाकरांची, म्हणजे येथल्या डोंगरी जमातीची, वाडी आहे, तेथे तो राहतो. तेव्हा तिशीचा होता. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलण्यात तुटक. इतर ठिकाणचे वाटाडे दिसेल तो दगड पांडवांच्या नावावर खपवतात. नवशाला कोणी विचारले, ‘हे कोणी कोरले रे?’ तर तो म्हणे, ‘मला नाय ठावं. माज्या आज्याच्या आदीचं हाय.’ ज्ञानाचा आव न आणणारा हा एकच मार्गदर्शक मी आजवर पाहिला, आणि शिक्षणखात्यात माझी वीस वर्षे गेली आहेत.

त्याला ठाऊक होती ती एक गोष्ट, आणि ती दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. लेण्याचे तोंड पूर्वेकडे आहे. आतल्या भिंतीवर अंधार असतो. नवशा बायकोची, जिजाची, पितळेची परात चिंच आणि राख लावून लखलखीत घाशी, सकाळच्या उन्हात तोंडाशी बसे आणि परात तिरपी करून उजेड आत फेकी. तो कवडसा भिंतीवरून हळूहळू सरके आणि अंधारातून एकेक मूर्ती बाहेर येई: आधी एक हात, मग खांदा, मग हसरा चेहरा. मी ते सात-आठ वेळा पाहिले. ज्यांनी पलित्याच्या धुरात ते लेणे पाहिले, त्यांनी ते पाहिलेच नाही.

पलिता तेथे पेटवायचाही नसतो. लेण्याच्या कपाळावर आग्या मोहोळाची अकरा पोळी लोंबतात. नवशाचा प्रत्येकाला एकच नियम असे, ‘खाली धूर नाय, शिटी नाय.’

सन १९१९ च्या फाल्गुनात ग्रंथकर्ते आणि त्यांचे तीन स्नेही आले. सकाळी आठला निघावे असे मी सांगितले होते. त्यांचे जेवण पाटलांकडे ठरले, जेवणानंतर विडे झाले, विड्यांनंतर कोकणच्या इतिहासावर संभाषण झाले, आणि मंडळी लेण्याशी पोचली तेव्हा ऊन डोंगराच्या पाठीमागे गेले होते. पुढचा प्रकार मी नवशाकडून ऐकला, आणि त्या स्नेह्यांपैकी एकाकडूनही. दोघांच्या सांगण्यात अक्षराचा फरक नाही. मात्र हे स्नेही ती हकिगत लिहून देण्यास कधी तयार झाले नाहीत.

‘आता उजेड नाय,’ नवशा म्हणाला. ‘सकाळी या.’

‘सकाळी आम्ही पनवेलच्या वाटेवर असू,’ ग्रंथकर्ते म्हणाले. ‘एवढे चढलो ते काय अंधार पाहायला?’

‘अंदारात नाय दिसायचं, रावसाहेब.’

‘म्हणूनच दिवा लावतात, बाबा!’ असे म्हणून एकाने वाळक्या गवताची पेंडी वळली आणि पेटवली. नवशा ती हिसकायला धावला. त्याला ढकलून दिले. धूर छताला लागला, तोंडाकडे वळला, वर चढला.

आग्या माशांचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला वर्णनाची गरज नाही. नवशा ओरडला, ‘पालथं पडा! हालू नका!’ चौघे पडले तसे त्याने आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली, कडा दगडांनी दाबल्या, आणि लंगोटीनिशी, हात हलवीत, आरोळ्या ठोकीत उघड्यावर पळत सुटला. ठाकरांत लहान पोरालाही हे ठाऊक असते की मोहोळ हालत्याच्या मागे लागते, निजल्याच्या नाही. कोणी तरी हालायचे असते. तो ओढ्याच्या डोहापर्यंत पळाला. माशांचे सारे ढग त्याच्यामागे गेले.

मंडळी दिवस मावळायच्या आत कडावला परतली. कोणाचा ओठ सुजला होता, कोणाचे कान. मी चुना लावला. ‘नवशा कोठे आहे?’ असे विचारले.

‘पळाला तुमचा वाटाड्या,’ ग्रंथकर्ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. त्याचे डोळे दिसत नव्हते. डोळ्यांच्या जागी दोन फुगे होते. जिजा काटे काढीत होती. तिने पानावर मांडलेले मी मोजू लागलो आणि साठानंतर सोडून दिले. आठ दिवस तो तापात होता. पहिल्यांदा नीट बोलला तेव्हा त्याने विचारले, ‘मास्तर, ती मान्सं बरी हायत ना?’

पुस्तकात हाच प्रसंग आला आहे. त्यात वर दिलेले वाक्य आहे, आणि लगेच पुढे असे लिहिले आहे: ‘दैवयोगाने आमच्या हाताशी एक घोंगडी लागली व तिजखाली आम्ही बचावलो.’ ग्रंथकर्ते पदवीधर आहेत. निर्जन लेण्यात दैव घोंगडी कोठून आणते, हा प्रश्न त्यांना लिहिताना पडला नाही, मुद्रिते तपासतानाही पडला नाही.

पुस्तक निघाल्याचे आम्हाला ठाऊक नव्हते. एक हंगाम गेला. लोक येत, नवशाचे नाव ऐकत आणि आपसांत काही कुजबुजून ‘आम्ही आमचे जाऊ’ म्हणत. मग कॉलेजची काही मुले आली. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, ‘पळणारा नवशा तो हाच काय?’ आणि त्याने पान उघडून माझ्यापुढे धरले. नवशा ओट्याखाली उभा होता. मला ते मोठ्याने वाचावे लागले.

‘आसं लिवलंय?’ तो म्हणाला. ‘आनी हे समद्यांकडं हाय?’

‘ज्यांनी पुस्तक घेतले त्यांच्याकडे आहे.’

‘मंग त्यांस्नी सांगा, पुसून टाका म्हनावं.’

छापलेले पुसता येत नाही, हे त्याला समजावताना मला माझ्या व्यवसायाची लाज वाटली. मी त्याला इतकेच कबूल केले, की दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ते वाक्य काढवून घेईन.

वाडीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्याचा मेहुणा सखा जिभेचा तिखट. कोंबडे सुटले की तो म्हणे, ‘नवशाला धाडा रं! पळन्यात त्येचा हात कोन धरील?’ त्यावर जिजा एकदा कडाडली, ‘तुज्या थोबाडावर मोहोळ बसलं आसतं, तर तू काय खांबावानी हुबा ऱ्हायला आसतास व्हय रं?’ सखा हसला, सगळे हसले, नवशाही हसला. पण त्या वर्षापासून तो वाटेवर पुढे चालेनासा झाला. कोणी आलेच तर तो मागे राही, सर्वांच्या मागे, म्हणजे तो पळाला नाही हे त्यांना वळून पाहता यावे.

पुतण्या मंगळ्याने त्याला सोपा उपाय सुचवला. ‘काका, त्या मान्सांस्नी काय ठावं तू कोन? सांग, मी मंगळ्या म्हनून.’

‘आनी कुनी मंगळ्या म्हनून हाक मारली, तर ओ कोन देनार? तू का मी?’

अखेर त्याने परात मंगळ्याच्या हाती दिली, उजेड कसा फिरवायचा ते शिकवले, आणि स्वतः रानात मध, हिरडे गोळा करू लागला. मी ग्रंथकर्त्यांना तीन पत्रे लिहिली. पहिल्यास आणि तिसऱ्यास उत्तर नाही. दुसऱ्यास एक कार्ड: ‘सूचनेबद्दल आभारी आहे.’ अशा अन्यायाविरुद्धच्या तक्रारीला सूचना म्हणतात, हे मला त्या कार्डाने शिकवले.

सन १९२६ मध्ये कळले, की दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने ते जिल्ह्यात फिरत असून खालापूरच्या मुसाफिर बंगल्यात उतरले आहेत. मी रजा घेतली, नवशाला बरोबर घेतले आणि तेथे गेलो. ते व्हरांड्यात चहा पीत होते. मी सर्व हकिगत सांगितली: परात, गवताची पेंडी, घोंगडी, साठ काटे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते नवशाकडे वळले.

‘तू सांग. त्या दिवशी तू पळालास की नाही?’

‘व्हय, पळालो.’

‘पाहा, मास्तर. तो स्वतः कबूल करतो.’

‘तो का पळाला ते विचारा!’ मी ओरडलो.

‘प्रवासवर्णनात घडले ते लिहायचे असते. मनातला हेतू लिहायला आम्ही कोण?’

नवशा पुढे झाला. ‘रावसाहेब, उद्याच्याला चला. पेटवा गवात. मी पुन्यांदा पळतो, तुमी बगा.’

ते दचकले, मग हसले. ‘नको बाबा, लेण्याकडे आता जाणे नाही. वेळ किल्ल्यांनाच पुरत नाही.’ आणि मला म्हणाले, ‘त्याचे नाव काढून टाकीन. झाले समाधान?’

परतताना मी त्यांना वाटेभर शिव्या दिल्या. नवशा मात्र मला समजावीत होता. ‘नाव जाईल म्हनाले ना? मंग झालं, मास्तर. चांगला मानूस हाय.’

सन १९२८ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. मी पदरचे पैसे देऊन ती मागवली आणि वाडीवर नेली. नवशा, जिजा, सखा, मंगळ्या भोवती बसले. मी पान काढले. तेथे आता असे छापले होते: ‘येथील ठाकूर वाटाडे संकटसमयी प्रवाशांस टाकून पळून जातात, प्रवाशांनी सोबतीची माणसे बाहेरून आणावी.’

‘माजं नाव?’ नवशाने विचारले.

‘नाही.’

त्याचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. ‘मंग कुनाचं हाय?’

‘कोणाचेच नाही. सगळ्या ठाकरांबद्दल लिहिले आहे.’

मंगळ्याच्या मांडीवर परात होती. त्याच आठवड्यात त्याच्याकडे कर्जतहून दोन मंडळ्या यायच्या होत्या. जिजा मंगळ्याकडे, मग सखाकडे बोट करून म्हणाली, ‘म्हंजे ह्यो बी? आनी माजा भाऊ बी?’

नवशाने त्या पानावर बोट ठेवले. मग म्हणाला, ‘मास्तर, कागुद काडा. माजं नाव परत घाला म्हनून लिवा.’

‘अरे, ते खोटे आहे!’ मी म्हणालो. ‘सात वर्षे ते काढण्यासाठी भांडलो, आणि आता…’

‘खोटंच हाय. पन एकल्यावर हाय. वाडीवर नको.’

मी त्याच्याशी वाद घातला, रागावलोही. तो हलला नाही. शेवटी मी दौत उघडली आणि ज्या मजकुराविरुद्ध तीन पत्रे लिहिली होती, तोच जसाच्या तसा पुन्हा छापावा, नवशाच्या नावासकट छापावा, अशी विनंती त्याच ग्रंथकर्त्यांना माझ्या वळणदार अक्षरात लिहिली. नवशाने खाली आंगठा उठवला. पत्र रजिस्टर केले. पोचपावतीवर सही आली.

त्याला आज तीन वर्षे झाली. उत्तर नाही. मंगळ्याकडे त्या दोन मंडळ्या आल्या नाहीत. नंतरही फार थोडे आले. बाहेरून माणसे घेऊन येणारे लेण्यात पलिते पेटवतात आणि मूर्तींवर काजळी चढते. बाजारच्या दिवशी नवशा ओट्याशी येतो आणि विचारतो, ‘लिवलं का त्येंनी माजं नाव?’ मी नाही म्हणतो. गेल्या महिन्यात एका मासिकात त्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीची जाहिरात मी वाचली. ‘सुधारून वाढवलेली’ असे तीत म्हटले आहे.