पाठमोरी मोजणी

शनिवार, १८ जानेवारी, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. हजर पर्वतातल्या संरक्षित क्षेत्राचा अडसर मी वर केला आणि हातातला काउंटर शून्यावर आणला. तापमान नऊ अंश होते. हिवाळ्याच्या चार महिन्यांत अर्धी दुबई या वादीत, एरवी कोरड्या असलेल्या या डोंगरी नदीत, चालायला येते. पुढच्या हिवाळ्यात रोज किती जणांना आत सोडावे, हे माझ्या अहवालावर ठरणार होते. स्वतंत्रपणे हाती आलेला तो माझा पहिला प्रकल्प.

एक नियम मी स्वतः घालून दिला होता. वादीत पाणी येते ते डोंगरापलीकडच्या पावसाने. इथे ऊन असतानाही येते. म्हणून आत गेलेले आणि बाहेर आलेले यांचे आकडे जुळल्याखेरीज अडसर बंद करायचा नाही.

अडसरावरचे रखवालदार रत्नागिरीकडचे, साठी उलटलेले. मी त्यांना चाचा म्हणे.

"एवढं शिकलीस नि माणसं मोजायला बसलीस?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते. "माझी आई बकऱ्या मोजायची. तिला कुणी डिग्री दिली नाय."

"तिला अहवाल लिहायचा नव्हता, चाचा."

"बकऱ्या सगळ्या घरी यायच्या. तोच अहवाल."

त्या शनिवारी बाराच्या सुमारास पर्जन्यमापक बंद पडला. अर्धा तास मी वाटेकडे पाठ करून त्याच्या तारा जोडत बसले. चाचा आत जाणारी माणसे मोठ्याने मोजत होते आणि त्यांच्या आवाजावर मी डाव्या हाताने बटण दाबत होते. वेळेची ही बचत मला त्या वेळी कौतुकास्पद वाटली.

सव्वातीनला पावसाचा इशारा आला. आम्ही सर्वांना परत बोलावले. चार बत्तीसला मी अबुधाबीला साहेबांना फोन केला : आत २१३, बाहेर २१३.

"जुळले? परफेक्ट! मग खलास, निघा तिथून. आणि हाच दिवस रिपोर्टमध्ये केस स्टडी म्हणून टाक."

ते माझ्या मनात आधीच येऊन गेले होते.

अडसराला कुलूप लागले. चाचा रस्त्यावरचे नारिंगी कोन पिकअपमध्ये टाकू लागले. "बरकत, दोन, तीन, चार..."

"चाचा, एक कुठे गेला?"

"पहिल्याला एक म्हणत नाहीत, बेटी. भात मापताना पहिलं माप बरकतीचं. नायतर कणगी रिती होते."

"दुपारी माणसंसुद्धा अशीच मोजलीत?"

"मग? जन्मभर असंच मोजतोय."

दुपारी तो शब्द मी स्पष्ट ऐकला होता. मोजणीपूर्वीची दुआ असेल असे गृहीत धरून मी 'दोन'ला पहिल्यांदा बटण दाबले होते. म्हणजे आत गेलेले २१४ होते, आणि आकडे जुळले होते ते केवळ माझ्या चुकीमुळे.

"पहिला कोण होता?"

चाचा कोन हातात धरून उभे राहिले. "एकटाच होता. राखाडी स्वेटर. पायात साधी चप्पल. मी म्हटलं, भाई, बूट नाय? तर हसला."

ती चप्पल मी ऐकली होती. माझ्या पाठीमागून, खडीवरून, सावकाश. मी वळून पाहिले नव्हते.

बचाव पथकाला कळवले. चाचांनी कुलूप काढले, पण पुढे जाता येईना; पाच वाजून दहा मिनिटांनी पाणी आले. आधी आवाज आला, दुरून ट्रकांची रांग यावी तसा, आणि मग वाट दिसेनाशी झाली. चाचा काठावरून "भाई, ओ भाई!" अशा हाका घशातून आवाज निघेनासा होईपर्यंत मारत राहिले.

दोन दिवस शोध चालला. कोणी सापडले नाही. कोणी हरवल्याची तक्रारही आली नाही. पार्किंग रिकामे होते, पण बरेच जण बसने किंवा दुसऱ्याच्या गाडीतून येतात, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. वरच्या कड्यावरून पलीकडच्या गावात उतरणारी बकऱ्यांची वाट आहे. तो तिकडून गेलाही असेल. शिवाय, जो मोजला गेला नाही तोच परतला नाही, असे तर्काने म्हणता येत नाही. हे सारे मला मान्य आहे. तरीही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीच्या मजल्यावर सकाळी कोणी चपला ओढत कचरा टाकायला निघाले, की मी हातातले काम सोडून दार उघडते. कॉरिडॉरमध्ये शेजारी असतो. राखाडी स्वेटर नसतो.

अहवालाच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "अगं, एक माणूस म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. मार्जिन ऑफ एरर. दोनशे तेराच ठेव. नाहीतर पुढच्या विंटरला वरचे लोक अडसर उघडणारच नाहीत, आणि तुलाही दुसरा प्रोजेक्ट मिळणार नाही."

त्यांचे गणित बरोबर होते. चाचा मात्र दर शनिवारी फोन करून एवढेच विचारत, "सापडला?" मी दोनशे तेरा लिहिले असते तर तो माणूस आत गेलाच नव्हता असे ठरले असते, आणि जो गेलाच नाही त्याला कोणी शोधत नाही.

मी अहवाल पाठवला. त्या दिवसाच्या तक्त्यात लिहिले : आत २१४, बाहेर २१३.