नकाशात नसलेली विहीर

करमाडच्या वरच्या अंगाला सहा घरांची धनगरवस्ती आहे. तिथली आवडाबाई दर उन्हाळ्यात गावकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवायची. रानाला लेंडीखत, मेंढ्यांना चारा. तोंडाची फटकळ. मेंढरू भलत्याच बांधावर गेलं, तर तिचा आवाज सगळ्या शिवाराला ऐकू जायचा. पण कारभारी नावाचा तिचा थोरला दीर समोर आला, की हीच बाई पदर पुढं ओढून मुकी व्हायची. बघणाऱ्याला चीड यावी असा तो मुकेपणा.

वस्तीच्या चढावर कारभारीचं पडीक रान होतं. तिथं पूर्वी विहीर होती. त्याची बायको सखूबाई एका भांडणानंतर त्या विहिरीत गेली. मग वस्तीनं दगड, मुरूम, काट्याकुट्या, हाताला येईल ते लोटून विहीर बुजवली. तेव्हापासून तिचं नाव कुणी काढलं नाही. नंतर आलेल्या सुनांना तर तिचा पत्ताच नव्हता.

मागच्या वर्षी एका संस्थेची सायली वस्तीवर आली. पाण्याची सोय कशी करायची ते लोकांनीच ठरवायचं, असा तिचा आग्रह. पोरगी मनापासून काम करणारी, पण ज्याला त्याला खरं बोलता येतं असं समजणारी. तिनं अंगणात रांगोळीनं वस्तीचा नकाशा काढायला लावला. बायांनी हौसेनं सगळं काढलं. घरं, बोअर, बाभळी, मेंढ्यांचा वाडा, शेंद्र्याच्या कंपनीची बस थांबते ती जागासुद्धा. "काही राहिलं का?" सायली पुन्हा पुन्हा विचारत होती. कुणी बोललं नाही.

शेततळं कुठं घ्यायचं, नकाशात त्या जागी प्रत्येकानं मत म्हणून मक्याचा दाणा ठेवायचा होता. कारभारी म्हणाला, "माझं पडीक घ्या. कुणाचं पिकतं रान जायला नको."

झालं. सगळे दाणे तिथंच पडले. आवडाबाईनं दाणा बराच वेळ मुठीत धरला होता. पण दीर समोर बसलेला, आणि त्याच्या दुखण्यावर बोट ठेवायचं कसं? तिनंही आपला दाणा तिथंच ठेवला.

तळं खोदलं. पाणी जमिनीत मुरावं म्हणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला नाही. खालचा मातीचा बांध नेमका बुजवलेल्या विहिरीवरून गेला. बांधाखालचं पहिलं घर आवडाबाईचं. मागच्या खोलीत सून सोनिया आणि तिचं तान्हं लेकरू.

यंदा श्रावणात तळं काठोकाठ भरलं आणि बांध एका जागी खचायला लागला. लोकांनी मुरूम टाकला, तोही खाली गेला. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी पाझरू लागलं.

"आत्या, मागची भिंत ओली व्हायलीय," सोनिया म्हणाली.

आवडाबाई मागं जाऊन भिंतीला हात लावून आली. तिनं सायलीला बोलावून घेतलं. सगळी वस्ती बांधावर जमली, आणि दिरासमोर ती जन्मात पहिल्यांदा बोलली. "ताई, इथं विहीर व्हती. आम्हीच बुजवली. बांध तिच्यावरच हाय."

कारभारीनं शांतपणे विचारलं, "कंची विहीर?"

सायलीनं एकेकाला विचारलं. शेजारच्या पुंजारामनं मान हलवली, "नाय." बाकीचे पायाखाली बघत राहिले. शेवटी आवडाबाईचाच लेक सत्यम. चुलत्याकडं बघत तो म्हणाला, "आईला भास व्हत्यात. नकाशात कुठंय विहीर?"

सायलीनं फोनमधला नकाशाचा फोटो पाहिला. विहीर नव्हती. इंजिनिअरला घेऊन येते म्हणून ती गेली.

सांजेला आभाळ गच्च भरून आलं. सत्यम मागच्या खोलीत गेला, त्यानं लेकराची झोळी सोडली आणि पलीकडच्या उंचावरल्या मेंढ्यांच्या वाड्यात नेऊन बांधली. सोनियाही त्याच्यामागं गेली. पुंजारामनं धान्याची पोती बाहेर काढली. बांधाखालच्या सगळ्याच घरांतून सुतळीच्या बाजा, भांडी, म्हातारी माणसं निघाली. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

कारभारी आपली बाज खांद्यावर घेऊन निघाला, तो बांधावर. खचल्या जागी त्यानं बाज टाकली आणि घोंगडी घेऊन बसला. आवडाबाई धापा टाकत वर चढली.

"भावजी, खाली चला. बांध राहत नाय आता."

"तू लेकराकडं जा, आवडा," तो म्हणाला. "मी हाय सखूपाशी."

पावसाची सर आली. तिनं त्याचा हात धरून ओढला, पण तो हलला नाही. बाजेचे खालचे दोन पाय मातीत जायला लागले होते.