अळणी रविवारचे दोनशे किलोमीटर

“प्या! अहो काका, प्या म्हणतोय ना! तीर्थ घेताय का? घटाघटा ओता!”

भिगवणच्या मासळीच्या हॉटेलासमोर उभा राहून मी असा ओरडत होतो, की आत तव्यावर पडलेल्या माशानं आपणहून कूस बदलली असेल. जेवणारी माणसं घास हातात धरून बाहेर बघत होती. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत काका. डोक्यावर हेल्मेट तसंच, मांडीवर लिटरची बाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “अजून तीन मिनिटं आहेत.”

दर दहा मिनिटांनी त्यांच्या घड्याळात घंटी वाजायची. घंटी वाजली की दोन मोठे घोट. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. हा नियम माझा होता.

तो रविवार आमच्या सायकल ग्रुपच्या मोठ्या मोहिमेचा. हडपसरहून सकाळी सहाला निघायचं, सोलापूर रस्त्यानं भिगवण गाठायचं आणि परत हडपसरला यायचं. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. संध्याकाळी साडेसातच्या आत पोचलात तर गळ्यात बाटलीच्या झाकणाएवढं पदक. एक मिनिट उशीर झाला तर नुसती पाठीवर थाप. काकांचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्यांदा ते चाळीस मिनिटं उशिरा पोचले. पदकवाले घरी जाऊन जेवायला बसले होते. दुसऱ्यांदा पाटसजवळ दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि ते कांद्याच्या टेम्पोत, पोत्यांवर सायकल आणि सायकलीवर आपण, अशा थाटात परत आले. तो फोटो ग्रुपवर वर्षभर फिरला. दिवाळीला आणि पाडव्यालाही शुभेच्छांच्या खाली तोच फोटो. टाकणारा मीच.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सगळा जन्म रेकॉर्ड विभागात गेला. माणूस असा, की रस्ता ओलांडतानासुद्धा आधी परिपत्रक शोधेल. तिसऱ्या वेळेला त्यांनी ठरवलं, की चूक पायांत नाही, खाण्यापिण्यात आहे. आणि खाण्यापिण्याचं खातं ग्रुपात माझ्याकडे. मार्केट यार्डात माझा गूळ-शेंगदाण्याचा गाळा. चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू सगळ्यांना मीच पुरवतो, म्हणून त्यांनी काय खावं हेही मीच सांगतो. गाळ्यावर गुळाची ढेप विकताना मी ढेपेची सात पिढ्यांची वंशावळ सांगतो. सायकलीच्या बाबतीत मी हात आखडता घेईन होय?

महाबळेश्वरला जाऊन-येऊन मला अकरा लिटर पाणी आणि दीड किलो चिक्की लागली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पसरणी घाटात एक एसटी माझ्या मागे लागली, तिचं इंजिन तापलं, मी थांबलो नाही, हेही. वर पोचल्यावर हॉटेलवाल्यानं माझं वजन करायला स्ट्रॉबेरीचा काटा आणला, हेसुद्धा.

आता सांगायला हरकत नाही. तोवर मी दोनशे किलोमीटर एकदाही पुरे केले नव्हते. दोन वेळा यवतच्या गुऱ्हाळावर काकवी चाटत बसलो आणि परतणाऱ्या घोळक्यात हळूच मिसळलो. पदक कुठं आहे असं कुणी विचारलं, की घरी देव्हाऱ्यात आहे, असं सांगायचो. पदक मलाही हवं होतं. काकांपेक्षा जास्त हवं होतं, कारण त्यांच्याकडे नाही हे सगळ्यांना माहीत होतं, माझ्याकडे नाही हे फक्त मला.

तर काका वही घेऊन गाळ्यावर आले.

“घोट म्हणजे अंदाजे किती मिलिलिटर?”

“काका, घोट म्हणजे घोट.”

“तसं नाही चालत. पन्नास धरू का?”

“पन्नास चिमणी पिते. शंभर धरा.”

त्यांनी लिहिलं. खाली रेघ मारली. “आणि रविवारी मी मीठ खात नाही. अळणी असतो माझा. तिच्या दुखण्यात देवाला बोललो होतो.” ती म्हणजे काकू. दुखणं बरं होऊन बारा वर्षं झाली तरी काकांचा रविवार बिनमिठाचा. बोललेलं मागं घ्यायचा अर्ज कुठं करायचा हे त्यांना माहीत नसावं.

“उत्तम!” मी म्हणालो. “मिठानं तहान लागते. बिनमिठाचा माणूस उंटासारखा पळतो.”

तेही त्यांनी लिहून घेतलं.

मोहिमेच्या सकाळी यवतला पहिला थांबा. बाकीच्यांनी मिसळीवर ताव मारला. काकांनी दोन केळी, एक राजगिऱ्याचा लाडू आणि मोजून चार खजूर खाल्ले. उसाचा रस घेतला, तर रसवाल्यानं मिठाची डबी उचलताच ग्लासावर पंजा धरला. तिथं आमच्यातली एक मुलगी, हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी करणारी, पुढे आली. हातात कसल्याशा पावडरीचं पाकीट.

“काका, नुसतं प्लेन वॉटर इतकं नका पिऊ. सोडियम डाऊन होतं. हे एक बाटलीत टाका ना, प्लीज.”

“यात मीठ आहे?”

“थोडंसं. पण हे मेडिकल आहे, त्यानं उपवास नाही मोडत.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या ग्रुपनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या खात्यात ही पोरगी शिरत होती.

“अगं, तुम्हाला पाणीसुद्धा पाकिटातून लागतं!” मी आवाज चढवला. “माझा आजा पाठीवर गुळाची पोती घेऊन दिवसभर चढउतार करायचा. त्याला कुणी पाकीट दिलं होतं का? उद्या हवेचंही पाकीट काढाल, श्वास घ्यायच्या आधी फाडायचं!”

सगळे खदाखदा हसले. काकाही हसले, जरा उशिरानं. तिनं पाकीट खिशात टाकलं. “ओके सर. तुम्हीच एक्स्पर्ट.” आणि ती सायकलीवर टांग टाकून जी निघाली ती पुन्हा पदकाच्या टेबलापाशीच दिसली.

मार्च संपत आलेला. डांबर असं तापलेलं, की त्यावर थालीपीठ लावता आलं असतं. घंटी वाजे, काका पीत. घंटी वाजे, काका बाभळीमागे जात. “काका, रस्त्याला पाणी मारायचं कंत्राट घेतलंय का?” असं मी ओरडलो, की मागचे चौघे हँडल सोडून हसत. पण एक मान्य करायला हवं, काका त्या दिवशी वेळेत होते. भिगवणला आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या हातात चक्क वीस मिनिटं जादा होती. आयुष्यात पहिल्यांदा.

तिथं मी दोन चिलापी मासे, तीन भाकरी, पापड आणि लोणच्याची अख्खी वाटी संपवली. काकांनी केळं खाल्लं. तीन मिनिटं झाली, घंटी वाजली, ते प्यायले. त्यांनी घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल केला होता. बोटातली अंगठी मांसात रुतलेली. गाल असे वर आलेले, की डोळे आत कुठंतरी भाड्यानं राहिल्यासारखे वाटत.

“काका, पुरीसारखे फुगलात की!” म्हणत मी फोटो काढला. तिथंच बसून त्याचं स्टिकर केलं, खाली लिहिलं, ‘टँकर आला’. ग्रुपवर टाकलं. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. काकांचाही वाजला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “कोण हे?”

आम्हाला वाटलं, काका पहिल्यांदाच विनोद करतायत. टाळ्या वाजवल्या आम्ही.

परतीला डोकं ठणकतंय म्हणाले. पाटसच्या पुढे माझ्या शेजारी सायकल आणून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, ती फाइल वर गेली का?”

“गेली!” मी म्हणालो. “मंत्रालयात पोचली. तुमच्या सहीसाठी अडलीय.”

“सही केली होती मी,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला.

मी इतका हसलो, की मला सायकल थांबवावी लागली. पुढच्यांना गाठून तो किस्सा मी दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा त्यात मंत्रीही घातला.

उरुळी कांचनला काका ओकले. नुसतं पाणी, स्वच्छ, जसं प्यायले तसं. माणसाला तेव्हा थांबवावं, बसवावं, एवढं कळायला वैद्य लागत नाही. मी काय केलं? “गेलं ना बाहेर? मग भरून काढा,” म्हणून नवी बाटली विकत घेतली, झाकण उघडून हातात दिली आणि संपेपर्यंत उभा राहिलो. बाकीचे पुढे निघून गेले. आता आम्ही दोघंच उरलो होतो, आणि वेळ दोघांकडेही बेताचाच होता.

लोणीच्या अलीकडे ते सायकलवरून उतरले. पडले नाहीत, उतरले, सायकल नीट स्टँडला लावली आणि एका रसवंतीच्या शेडशेजारी मातीत बसले. मी हाका मारल्या. डोळे उघडे, पण ते माझ्या कानाच्या मागे कुठंतरी बघत होते. तेवढ्यात घंटी वाजली. काकांचा हात उठला, बाटली चाचपडायला लागला. बाटली रिकामी होती. तरी त्यांनी ती तोंडाला लावली. दोनदा. मग खाली ठेवली.

मी माझं घड्याळ बघितलं. सहा बेचाळीस. राहिले होते चौदा किलोमीटर.

“काका, बसा इथंच. मी पुढं जाऊन गाडी पाठवतो,” असं म्हणून मी सायकलीवर चढलो.

रसवंतीवरची बाई चरकाचं चाक सोडून रस्त्यावर धावत आली. “अवो! तुमचंच मानूस हाय ना ह्ये? टाकून कुटं निघालात?”

“मागून गाडी येतेय!” मी ओरडलो.

मागे गाडी नव्हती, आमच्या ग्रुपकडे गाडीच नव्हती. पण मी ते चौदा किलोमीटर असे मारले, की वाटेतली कुत्री भुंकायची विसरली. थाप नव्हे, त्या दिवशी खरंच. सात तेवीसला मी टेबलापाशी पोचलो. सही झाली, पदक गळ्यात पडलं. माझा पहिला खरा फोटो निघाला. त्या मुलीनं विचारलं, “काका कुठे आहेत?” मी म्हणालो, “येतायत हळूहळू.” मग चहा घेतला. मग दुसरा फोटो निघाला. मग फोन वाजला, काकांच्या नंबरावरून. बोलत होती ती रसवंतीवरची बाई.

“तुमचं मानूस फिट येऊन पडलं. टेम्पोत घालून हडपसरला दवाखान्यात आनलंय. तुमची गाडी आली न्हाय.”

दवाखान्यात काकू आमच्या आधी पोचल्या होत्या. डॉक्टर बाई तरुण होत्या, संतापलेल्या होत्या. “किती पाणी प्यायलेत हे? रक्तातलं मीठ पार पातळ झालंय. मेंदूला सूज आहे. खाण्यात मीठ होतं की नाही काही?”

“रविवारी नाही घेत,” काकू म्हणाल्या. “माझ्यासाठी बोलले होते.”

“आणि एवढं पाणी प्यायला सांगितलं कुणी?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पदक अजून माझ्या गळ्यात होतं. मी ते शर्टाच्या आत सरकवलं.

“वाचतात हो काहीबाही इंटरनेटवर,” मी म्हणालो.

दोन दिवस काका कुणाला ओळखत नव्हते. तिसऱ्या दिवशी काकूंना ओळखलं. तोंडावाटे, नळीवाटे, त्यांना मीठच देत होते, आणि वार कुठला होता हे त्यांना कुणी सांगितलं नाही. माझं स्टिकर एव्हाना दुसऱ्या तीन ग्रुपांत पोचलं होतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. दोन किलो चिक्की घेऊन. काकूंनी चहा आणून ठेवला, कपाचा आवाजही न करता, आणि आत गेल्या. काका खुर्चीत बसलेले, गाल उतरलेले, बोट अंगठीशिवाय. डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली होती. हॉलमध्ये तिची जागा रिकामी दिसत होती. फरशीवर चाकाच्या दोन काळ्या खुणा.

गप्प बसणं मला जमत नाही. मी बोलायला लागलो. कसा मी थांबणारच होतो, कशी रेंज नव्हती, कसा मी तीन ट्रक अडवायला रस्त्यात आडवा उभा राहिलो. ग्रुपात ही कथा तोवर बरीच पुढे गेली होती. तिथं मी काकांना खांद्यावर घेऊन लोणीपर्यंत चाललो होतो. बोलण्याच्या ओघात तेही आलं. मी त्यांनाच सांगत होतो, की मी त्यांना कसं उचललं, ते किती जड लागले, रसवंतीवाल्या बाईच्या डोळ्यांत कसं पाणी आलं.

काका शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“तुमची मोहीम वेळेत झाली ना?” त्यांनी विचारलं.

“हो. सात मिनिटं शिल्लक होती.”

“मग झालं,” काका म्हणाले.