दोन घोट रासबेरी

लग्नाच्या हॉलमध्ये जुन्या सोड्यांचा स्टॉल होता. आल्याचा सोडा, आइस्क्रीम सोडा आणि तो लालभडक रासबेरी. आमच्या वयाची माणसं नुसती तुटून पडली होती. जो तो एक घोट घेई, डोळे मिटून "अहाहा, लहानपण!" म्हणे आणि उरलेला ग्लास खालच्या बादलीत ओती. बादली लाल झाली होती. खरं तर रासबेरी तेव्हाही खोकल्याच्या औषधासारखाच लागायचा. आपल्याला आठवण काढायला आवडतं, प्यायचाय कोणाला?

मीही दोन घोटांतच ग्लास ठेवला.

"संपवत कोणीच नाही, साहेब," सोडेवाला म्हणाला.

परीक्षा संपली की मला हाच सोडा पाजणारे दिनूकाका समोरच बसले होते. मघाशी त्यांच्या पाया पडून मी म्हणालो होतो, "काका, तुमची फार आठवण येते." ते खुलले, तेव्हाचं काहीबाही सांगू लागले. तेवढ्यात "आलोच हं" म्हणून मी इकडे सटकलो होतो.

आता पाहिलं, तर शेजारच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल टाकून ठेवला होता. कोणी बसायला आलं की सांगत होते, "पुतण्या येतोय माझा."

मी मागच्या दारानं जेवायला गेलो.