भिजवलेलं बी

परवा घरात आंबूस वास सुटला आणि कडावचं माहेर आठवलं. त्या वर्षी आईची पाळी गेली होती. बसल्या जागी घामानं भिजायची, बोलता बोलता शब्द हरवायची. तिनं पेरणीचं भात भिजवलं, मोड यायला गोणीत दाबून ठेवलं आणि साफ विसरली. गोणी सोडली तर सगळं बी कुजलेलं. मला म्हणाली, “ह्ये कुनी भिजवलं गं?” मला हसूच फुटलं. “तूच की गं!” ती गोणीशी बसून कुजलेलं बी बोटांनी चाळत राहिली. परवा वासाच्या मागानं गेले, तर ओट्याखालच्या पातेल्यात वाल सडलेले. माझी पाळी जाऊन वर्ष झालंय. लेकीला विचारलं, “हे वाल कधी भिजवलेस गं?” “मी नाही, आई. तूच.” ती हसली नाही. हसली असती तरी चाललं असतं.