टाकीत उतरण्याआधी

"याला ग्लास नको. झाकणात दे."

साहेब एवढंच म्हणाला आणि सुपरवायझरने ग्रीसच्या डब्याचं झाकण पुढे केलं. त्यात दारू ओतली. दोर धरणाऱ्या दोघा फिटरना काचेचे ग्लास. टाकीत उतरणारा मी, मला झाकण. साहेब पुण्याचा, शिकलेला. माझी जात त्याने पहिल्याच दिवशी आडनावावरून काढली होती.

"ग्लास दिला तर धुवायचा कोणी?"

सगळे हसले. मीही हसलो. माझं ते हसू मला अजून जाळतं.

एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. सिल्वासाजवळ सायलीला रंगाचा कारखाना होता. रविवारी प्लांट बंद, तेव्हा टाकी साफ करायची. कमरेला दोर बांधून माणूस आत सोडायचे. तळाला गाळ. डोळ्यांत आग. श्वास घेतला की छाती चिरायची. शुद्धीतला माणूस आत जायचा नाही, म्हणून आधी क्वार्टर. मास्क नाही, क्वार्टर. ही तिथली रीतच होती. धुळ्याकडून आलो तेव्हा मी पीत नव्हतो. पहिली क्वार्टर त्या टाकीच्या काठावरच घेतली. पुढे टाकी नसली तरी लागायची.

त्या दिवशी झाकण चाटून साफ केलं. उतरलो, वर आलो, ओकलो. दुपारी डोकमर्डीच्या खोलीवर गेलो. बायको भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं.

"तुमना तोंडले काळं काय लागेल शे?"

ते ग्रीस होतं. तिला ते दिसलं, म्हणून मी तिला मारलं. खिशात नट खोलायचा लोखंडी पान्हा होता. डाव्या हातावर एक, मग दुसरा. काडकन आवाज आला. तव्यावरची भाकरी जळत राहिली. वड्याचं तेल वांग्यावर काढतात म्हणे. मी साहेबाचं तेल बायकोच्या हाडावर काढलं.

"पायरीवरतून पडनू," ती दवाखान्यात म्हणाली. नर्स अथालची, वयस्कर, गुजराती मिसळून बोलणारी. तिने हात बघितला, मग माझ्या खिशातून डोकावणारा पान्हा बघितला.

"पायरीला पान्हा असतो काय?" ती मला म्हणाली. "मारो भाई पण पीत होता. हवे नथी पीतो, आता शिवत नाही. दारू सोडलेले लोक रविवारी सकाळी अथालच्या शाळेत बसतात. जा. ही परत अशी आली, तर मी पोलिसाला बोलवीन."

रविवारी टाकीला दांडी मारून अथालला गेलो. शाळेचं फाटक दिसलं आणि मी थांबलो. अवघड जागी उतरायचं तर आधी क्वार्टर, हेच अंगात मुरलेलं. मी मागे फिरलो, नाक्यावरच्या गुत्त्यात क्वार्टर मारली आणि मग त्या खोलीत शिरलो. दारू सोडायला दारू पिऊन गेलो! माझ्याएवढा गाढव त्या खोलीने बघितला नसेल असं वाटलं. पण कुणी हसलं नाही.

दहाबारा माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. नर्सचा भाऊ ट्रक चालवायचा. तो म्हणाला, "पिऊन आलास तरी बस. आज बोलू नको. ऐक."

मग चहा आला. सगळ्यांना काचेचे ग्लास. मलाही. पिऊन झाल्यावर मी ग्लास धुवायला उठलो, तर त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि नळाखाली धरला. माझा उष्टा ग्लास. मला रडू आलं नाही. संताप आला. मी ते झाकण का चाटलं, याचा.

सहा दिवस थेंब घेतला नाही. अंगात कापरं, अंथरुणात मुंग्या दिसायच्या. माझ्या दांडीने टाकी राहिली होती, म्हणून शनिवारीच प्लांट थांबवून साहेबाने टाकीपाशी बोलावलं. झाकण भरून ठेवलेलं. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगू?

"मास्क द्या, पट्टा द्या," मी म्हणालो. "शुद्धीत उतरतो."

साहेबाने कानफटात दिली. "तुम्हा लोकांना दारूशिवाय काम कधी सुचलंय?"

मी झाकण उचललं. त्याला वाटलं, आला वळणावर. दारू मी त्याच्या बुटांवर ओतली. झाकण टाचेखाली घेऊन चेपलं. तो पुन्हा अंगावर आला तेव्हा पान्हा माझ्या मुठीत होता आणि त्याचं टाळकं हाताच्या अंतरावर. फोडावंसं वाटलं. फार वाटलं. पण त्या पान्ह्याने मी एक हाड मोडलं होतं, तेही चुकीच्या माणसाचं. मी तो टाकीत भिरकावला. खाली जाऊन आदळल्याचा आवाज आला.

"काढा आता," मी म्हणालो. "शुद्धीत असाल तर उतरा."

नोकरी गेली. बायकोने माफ केलेलं नाही. करूही नये. तिचा हात वाकडाच जुळला, भाकरी एका बाजूला जाड होते. ती मी रोज खातो आणि रोज बघतो. त्या दुसऱ्या रविवारी अथालच्या खोलीत मी उभा राहून सांगितलं, हाड मी मोडलं, साहेबाने नाही. आणि झाकण साहेबाने दिलं, देवाने नाही. दोन्ही मी विसरणार नाही. मला टाकीत उतरवायचं असेल, तर आधी माझी शुद्ध घालवावी लागेल. ती मी आता कुणाच्या हाती देणार नाही.