गाईच्या रक्तातला कांदा

भर उन्हाळ्यात हदगावजवळच्या एका खेड्यात मी गाय तपासायला गेलो होतो. पापणीच्या आतली लाली उडालेली, लघवी कॉफीसारखी.

"भावानं इख घातलंय, डॉक्टरसाहेब. बांधावरून भांडण हाय आमचं," मालक म्हणाला.

हे रोजचंच. जनावर आजारी पडलं की विष घालणारा म्हणून आधी भाऊबंद आठवतो. मला गोचिडाच्या तापाचा संशय होता. रक्त घेऊन दवाखान्यात आलो, मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तांबड्या पेशींत गोचिडाचे जंतू नव्हते, पण पेशींच्या कडांना बारीक फोड आल्यासारखे दिसत होते. जनावरानं कांदा फार खाल्ला की असं होतं. मी तसाच परत गेलो.

"काय चारलंत?"

"कडबाच की."

माणूस खोटं बोलून राहिला, असं वाटून मी चिडलो. तेवढ्यात त्याच्या खिशातला कांदा दिसला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडं सगळेच बाळगतात.

"गाईलाही दिला का?"

"हाव, रोज पाटीभर. तिला ऊन लागत न्हाई का? ते औषध हाय, चारा न्हाई."

मी कपाळाला हात लावला. "त्या कांद्यानंच तिचं रक्त बिघडलंय. मग भावाचं नाव कशाला घेता?"

तो डोळे बारीक करून म्हणाला, "पण एवढे कांदे मला फुकट दिले कुणी? त्यानंच की!"